क्रूशियल ८ जीबी लॅपटॉप रॅम : नवीन लॅपटॉप घ्यायच्या आधी हे बघा

आमचं कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, त्यामुळं लॅपटॉपवर गेमबिम काय नाही, हिशोबाचं टॅली, जीएसटीचं पोर्टल, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचा हिशोब) आणि व्हॉट्सॲप वेब, एवढंच. आठव्या जनरेशनचा आय-५, रॅम (म्हणजे चालू कामाची मेमरी) फक्त ४ जीबी. सिझन सुरू झाला की गडी मान टाकायचा, टॅलीतनं क्रोमवर गेलं की स्क्रीन पांढरी आणि समोर माणूस पट्टीसाठी ताटकळत उभा. एका ठिकाणी दाखवला तर न उघडताच "मदरबोर्ड वीक झालाय, नवीनच घ्या" म्हणून मोकळे!

घरी येऊन कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये मेमरी ९३ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि प्रोसेसर साहेब १५ वर निवांत. रॅम भरली की विंडोज उरलेला डेटा हार्ड डिस्कवर टाकतं आणि लागला की परत आणतं, म्हणजे गाळ्यात जागा नाही म्हणून गुळाचे रवे लांबच्या गोडावनात ठेवायचे आणि गिऱ्हाईक आलं की हमालाला पळवायचं, तसला प्रकार. तिथंच खाली दिसलं, रॅमच्या दोनपैकी एकच स्लॉट (जागा) वापरात आहे. मग कशाला नवीन लॅपटॉप?

राजारामपुरीत एका छोट्या दुकानात गेलो. पोरानं बॅटरीची वायर आधी काढली (हे न करणाऱ्याकडं लॅपटॉप देऊ नका), जुनी ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची बसवलेली) आहे ते दाखवलं, आणि मोकळ्या स्लॉटमध्ये क्रूशियलची नवी ८ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून बसल्या, झालं काम. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळं चुकीची बसतच नाही, तरी आपलं कुठलं आहे ते बघूनच जा. स्टिक ३२०० वेगाची आहे पण माझ्यात २४०० नंच चालते, प्रोसेसरचीच हद्द तेवढी, त्याला इलाज नाही.

आता १२ जीबी झालीय. टॅली, क्रोमचे पंधरा टॅब आणि एक्सेल एकदम उघडं ठेवलं तरी मेमरी साठ टक्क्यांच्या आसपास, डिस्कची लाईट शांत. लय भारी फरक. पण सकाळी चालू व्हायला मात्र पहिल्याइतकाच वेळ लागतोय, कारण आतली हार्ड डिस्क जुनीच आहे, त्याला एसएसडीच (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) पाहिजे. तुमची मेमरी ५०-६० टक्क्यांवरच असेल आणि तरी मशीन रखडत असेल तर रॅमवर पैसे घालवू नका, आधी एसएसडी टाका. आणि ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही, हे पण तपासा. काही पातळ लॅपटॉपमध्ये सगळी रॅम सोल्डर असते, तिथं विषयच संपला.

एक स्टार कापलाय तो किमतीसाठी. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळं २०२५ च्या शेवटाला भाव असले चढले की दुकानदार सकाळचा रेट संध्याकाळी देईना. त्यात क्रूशियलची मालक कंपनी मायक्रॉननं डिसेंबर २०२५ ला क्रूशियलचा किरकोळ धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलंय, वॉरंटी चालू राहणार म्हणालेत, त्यामुळं पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा.