आठ महिने मेटल डिटेक्टर: मशीन पक्कं, कान कच्चा

दोन-तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी माझ्या मेटल डिटेक्टरच्या कॉइलचा, म्हणजे दांडीखालच्या गोल तबकडीचा, कान तुटला. कढईला असतो तसाच कान. दांडीचं टोक ज्या दोन प्लास्टिकच्या कानांमध्ये बसतं आणि आरपार बोल्ट जातो, त्यातला डावा. आपटलं नाही, पडलं नाही. मशीन गवतात ठेवून ढेकूळ फोडत होतो, उचललं तर कॉइल एका बाजूला लोंबतेय. वर्ष झाल्यावर या मशीनबद्दल लिहिणार होतो, ते आजच लिहितोय.

मशीन कसलं, ते थोडक्यात. शिकाऊ वर्गातलं, एकाच फ्रिक्वेन्सीचं, मला सव्वादोनशे पौंडांना पडलं. राहतो एसेक्समध्ये, कोल्चेस्टरपासून अर्ध्या तासावर, म्हणजे पायाखाली रोमनांपासूनचा कचरा. ऑगस्टअखेर घेतलं, कारण कापणी झाली की पेरणीपर्यंत शेतं मोकळी असतात.

खरं तर आधी शेत मिळायला हवं होतं. इथे मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेत नुसतं मशीन फिरवणंही गुन्हा. सात ठिकाणी नकार आला. आठवा म्हातारा गडी भला निघाला: फाटक लावून घे, खड्डे बुजव, जे सापडेल त्यात निम्मं माझं. तसं कागदावर लिहून घेतलं. तोवर तीन आठवडे मशीन जिन्याखाली, आणि बायकोचा एकच प्रश्न, परत करायची मुदत कधी संपते?

पहिल्या दोन महिन्यांतलं माझं मत: पैसे पाण्यात. पालिकेच्या हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट त्या शेतात पसरलेलं. दिसायला छान काळी माती, पण तिच्यात चॉकलेटच्या चांदीचे कपटे आणि बारीक चिरलेले कॅन. दर दोन पावलांवर टुंग. धातू कोणता असेल याचा अंदाज देणारा स्क्रीनवरचा आकडा बघायचो, खणायचो, ॲल्युमिनियम निघायचं. मग लोखंड गाळायची सेटिंग वाढवली, तर मशीन मुकंच झालं.

त्या आकड्याबद्दल मात्र मला मत बदलावं लागलं. कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत प्रवाह फिरतो, त्याचा प्रतिसाद थोडा मागे रेंगाळत येतो. किती रेंगाळला, त्यावरून आकडा. त्यामुळे कॅन उघडायची कडी आणि सोन्याची अंगठी एकाच आकड्यावर सहज येऊ शकतात. हा मशीनचा दोष नाही, धातूंचा स्वभाव आहे. मी दोन महिने उगाच मशीनला शिव्या घातल्या. गावाहून आणलेला स्टीलचा रुपया अंगणात टाकून पाहिला, तर लोखंडासारखं घुरघुरलं. इथले १९९२ नंतरचे एक आणि दोन पेन्सचे शिक्केही आतून स्टीलचेच, वर तांब्याचा मुलामा.

मग हेडफोन लावले आणि स्क्रीन बघणं सोडलं. एका दिशेने वाजतं आणि नव्वद अंशात फिरून गेलं की फाटतं, तो बहुधा खिळा किंवा पत्रा. दोन्हीकडून गोल, एकसारखं वाजलं की खणायचं. नोव्हेंबरात असंच गोल वाजलं, आकडा मात्र चॉकलेटच्या चांदीच्या कपट्याचा. चार इंचांवर नखाएवढा अर्धचंद्र निघाला. थुंकीने पुसला तर क्रॉसची एक भुजा थेट कडेपर्यंत गेलेली. लाँग क्रॉस पेनी, लांब क्रॉसचं जुनं चांदीचं नाणं, म्हणजे १२४७ नंतरची, सुट्ट्या पैशांसाठी मधोमध कापलेली. कुणीतरी अर्धी पेनी खर्चायला निघाला आणि इथे पाडून गेला. मी चिखलात बसूनच राहिलो.

एकटंदुकटं नाणं इथल्या १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली सहसा येत नाही. एकाच जागी सोन्या-चांदीची दोन सापडली आणि ती तीनशे वर्षांपेक्षा जुनी असली, तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. तरी मी ते जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवलं. त्यांनी वजन केलं, फोटो काढले, नोंद केली, परत दिलं. फुकट. या अख्ख्या छंदात फुकट मिळालेली ही एकच गोष्ट.

बायकोचं गणित वेगळं. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरचा खजिना सापडला, त्याची किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. सापडवणाऱ्याने मशीन जुन्या बाजारातून अडीच पौंडांना घेतल्याचं बातम्यांत होतं. तिने भागाकार करून दाखवला. गावाकडून दादाचा फोन: मशीन घेऊन ये, परड्यात आजोबांनी पुरलेलं आहे म्हणतात, आता पायाळू माणूस कुठे शोधायचा? म्हटलं, दादा, भारतातल्या १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणाला, मग राहू दे.

आता कान. विक्रेत्याला मेल केला. फोटो मागितले, पाठवले. शेजारी पट्टी ठेवून पुन्हा मागितले, तेही पाठवले. अकराव्या दिवशी उत्तर: बोल्ट जास्त आवळल्याने तडा गेला, वॉरंटीत बसत नाही. आवळला होता, कबूल. पण का? रबरी वॉशर चिखलाने गुळगुळीत झाले, कॉइल खाली मान टाकायला लागली, मग माणूस आवळणारच ना? इथल्या ग्राहक कायद्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत बिघाड निघाला तर माल मुळात चांगला होता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं, नंतर ओझं आपल्यावर. माझा आठवा महिना. नव्या कॉइलला पंच्याऐंशी पौंड. दोन इंचांच्या प्लास्टिकसाठी! बॅटरी, स्क्रीन, वजन, पावसात टिकणं, सगळ्याला दहापैकी नऊ देईन, पण हा कान डोक्यातून जात नाही.

शेवटी अराल्डाइट लावलं, चोवीस तास दोरीने आवळून ठेवलं, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घातले. मूळ वॉशरपेक्षा हेच घट्ट बसतात, बोल्ट दोन बोटांनी फिरवला तरी पुरतो. नवीन घेतलंत तर पहिल्याच दिवशी हे करा. काल कुरणात दोन तास फिरवलं. कॉइल किंचित डावीकडे कललेली आहे, जॉर्ज राजांच्या काळातलं एक जॉर्जियन बटण आणि मेंढीच्या कुंपणाची तार मिळाली. म्हाताऱ्याने बटण ठेवून घेतलं, तार मला दिली.