चावी निघत नाही म्हणून मशीन बदलू देऊ नका

हाताने चावी द्यायच्या जुन्या घड्याळाची चावी बाहेर निघत नसेल आणि दुकानदार म्हणाला की आता अख्खं मशीनच बदलावं लागेल, तर घड्याळ परत मागून घ्या आणि तिथून निघा. एवढ्या ठामपणे सांगते आहे, कारण माझ्या मामांच्या घड्याळाचं ठाण्यात नेमकं हेच झालं. त्यातलं काही नुकसान आता कोणीही भरून काढू शकत नाही.

घड्याळ वेस्ट एंड वॉच कंपनीचं, सोवार प्राइमा. स्विस बनावटीची ही घड्याळं एके काळी आपल्याकडे खूप खपायची. मामांनी कल्याणला रेल्वेत नोकरीला असताना घेतलेलं, 17 ज्वेलचं (म्हणजे आत झीज कमी करणारे 17 खडे असलेलं), रोज सकाळी चावी द्यायचं. घड्याळ उत्तम चालत होतं. तक्रार एकच होती: चावीच्या कडेचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते आणि मामांच्या बोटांना आता ती धड फिरवता येत नव्हती. नवी चावी बसवायची, एवढंच काम. मामा डोंबिवलीला, मी ठाण्यात चरईला राहते, म्हणून मी ते घेऊन आले आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवलं. बऱ्यापैकी मोठं दुकान, बाहेर ‘सर्व प्रकारची घड्याळे दुरुस्त करून मिळतील’ असा बोर्ड.

पुढे काय झालं ते कळायला आत काय असतं ते थोडं माहीत हवं. मला हे सगळं नंतर डोंबिवलीच्या कारागिरांनी भिंग हातात देऊन दाखवलं. बाहेरून दिसणाऱ्या चावीला आतून एक बारीक पोलादी दांडा असतो, तो थेट मशीनच्या पोटात जातो. दांड्याला एक खाच असते आणि सेटिंग लिव्हर नावाच्या पट्टीची खुंटी त्या खाचेत अडकलेली असते. म्हणूनच काटे लावायला चावी ओढली तर ती टक्‌ करून थांबते, हातात येत नाही. चावी बदलायची तर हा दांडा बाहेर काढावा लागतो. मामांच्या घड्याळासारख्या जुन्या मशीनमध्ये त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. मागचं झाकण उघडलं की तो दांड्याच्या अगदी शेजारी दिसतो. तो एक-दीड आटा सैल केला की खुंटी खाचेतून सुटते आणि दांडा अलगद बाहेर येतो. नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये स्क्रूच्या जागी ठिपक्याएवढं बटण असतं, ते हलक्या हाताने दाबायचं.

हे अडतं कशामुळे? बहुतेक वेळा गंजामुळे. जुन्या घड्याळात चावीपाशी पाणी अडवायला धड काही नसतं. घाम आणि पावसाळी हवा वर्षानुवर्षं तिथूनच आत जाते. मशीनची पाटी पितळेची असते, तिला काही होत नाही, पण स्क्रू आणि दांडा पोलादाचे, ते गंजून धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे घाई. स्क्रू जरुरीपेक्षा जास्त उलगडला तर सेटिंग लिव्हर पलीकडे, डायलच्या बाजूला, निखळून पडते. बटण जोरात दाबलं तरी ती जागची हलते, आणि मग दांडा आत जातो पण काटे फिरत नाहीत. अशा वेळी काटे आणि डायल काढून लिव्हर पुन्हा जागेवर बसवावी लागते. वेळ खाणारं, नजरेचं काम आहे. पण पार्ट तेच राहतात. नवं मशीन ह्यातल्या कशालाच लागत नाही.

दुकानात त्या माणसाने माझ्यासमोर झाकण उघडलं, एक स्क्रूड्रायव्हर लावला, तो घसरला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला. स्क्रूच्या खाचेपेक्षा पातं बारीक होतं, हे मला आज कळतं. मग डोळ्यावरचं भिंग काढून तो म्हणाला, “ताई, चावी जाम आहे. मशीन गेलंय ह्याचं.”

“दादा, घड्याळ तर चालू आहे. आत्ता टिकटिकतंय तुमच्या हातात.”

“आज चालतंय, उद्या बंद पडेल. ह्याचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत. मी तसंच ओरिजिनल मशीन टाकून देतो, बेचाळीसशे होतील.”

मी स्पष्ट सांगितलं की मशीन बदलायचं नाही, चावी निघाली तर काम करा, नाहीतर घड्याळ आहे तसं परत द्या. तो ‘बघतो, तेल टाकून ठेवतो’ म्हणाला. पावती मागितली तर पावतीवर लिहिलं, ‘1 घड्याळ रिपेर’. कंपनीचं नाव, आतल्या मशीनचं वर्णन, काय काम करायचं, काहीच नाही. मी कंपनीचं नाव लिहायला सांगितल्यावर कुरकुरत तेवढं लिहिलं. पुढे त्या दोन शब्दांचा फार उपयोग झाला.

फोन आला, ‘काम झालंय.’ गेले, तर बिल बेचाळीसशेचं. मशीन बदललं होतं. मी विचारलं, कोणाला विचारून? तर म्हणे दुसरा इलाजच नव्हता. जुनं मशीन मागितलं तर ते भंगारात गेलं. आणि पैसे दिल्याशिवाय घड्याळ हातात द्यायला तो तयार नव्हता. मामांची वस्तू तिथे ठेवून येणं मला शक्य नव्हतं. पैसे देऊन बिल घेतलं आणि निघाले.

मामांनी घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाले, “अगं, हा ह्याचा आवाज नाही.” मी काही बोलायच्या आत त्यांनी चावी फिरवून पाहिली. नवी चावी बोटांना छान लागत होती, पण फिरताना एका बाजूला घासत होती. मिनिटकाटा बारावर आणला तर तासकाटा आकड्याच्या थोडा पुढे. दुसऱ्या दिवशी तो आणखी सरकलेला. मामा कोणाला वाईट बोलणारे नाहीत. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विषय बदलला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

डोंबिवलीत मामांच्या ओळखीचे एक वयस्क कारागीर घरीच काम करतात. त्यांनी झाकण उघडलं आणि भिंग माझ्याकडे दिलं. जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्या घड्याळात हेच शोधायचं आहे. मशीनवर कंपनीचं नाव कोरलेलं असायला हवं होतं, तिथे नुसती कोरी पाटी. मशीन घड्याळाच्या केसपेक्षा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या घरापेक्षा, लहान होतं, म्हणून भोवती प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा कोंबलेला. दांडा केसच्या भोकातून सरळ न येता किंचित तिरपा येत होता, म्हणून तो घासायचा. तासकाट्याचं भोक नव्या मशीनच्या मापाचं नव्हतं, ते दाबून जेमतेम बसवलेलं, म्हणून काटा सरकायचा.

मग त्यांनी डायल उचलली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

डायलच्या मागे दोन बारीक तांब्याचे पाय असतात. ते मशीनच्या पाटीतल्या दोन भोकांत जातात आणि बाजूच्या स्क्रूंनी धरले जातात. प्रत्येक मशीनमध्ये ती भोकं वेगळ्या जागी. दुसऱ्या मशीनवर ही डायल बसेना, म्हणून त्या माणसाने दोन्ही पाय मुळापासून छाटले होते आणि डायल डिंकासारख्या कशाने तरी चिकटवली होती. “नवा पाय डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, लावता येतो,” ते कारागीर काका म्हणाले, “पण डाग द्यायला उष्णता लागते. पुढचा रंग आणि अक्षरं करपली तर काय?” इतकी वर्षं जपलेल्या डायलवर हा धोका पत्करायला मामा तयार झाले नाहीत.

तिथून परत आल्यावर मी दुकानदाराला लेखी पत्र दिलं: पावतीवर कंपनीचं नाव तुमच्या हस्ताक्षरात आहे, आत त्या कंपनीचं मशीन नाही, माझं मशीन परत करा. सोबत काकांकडे काढलेले फोटो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सेवाच आहे, आणि सेवेतली फसवणूक त्यात बसते. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लंपास केली म्हणून पोलिसांत जाईन, हेही पत्रात लिहिलं. त्यानंतर ‘भंगारात गेलेलं’ मशीन दुकानाच्या ड्रॉवरमधूनच निघालं, प्लॅस्टिकच्या पुडीत. आतला बॅलन्स (घड्याळाची गती सांभाळणारं, मागेपुढे झुलणारं चक्र), चाकं, सगळं शाबूत. अशी चालू मशीन सुट्या भागांसाठी विकली जातात, म्हणूनच ते तिथे जपून ठेवलेलं होतं. पैसे मात्र त्याने दिले नाहीत.

दांडा मात्र त्याने केसपाशी कापून टाकला होता. चावी काही केल्या निघत नसेल तर दांडा कापणं हा कारागिरांचा शेवटचा उपाय असतो, त्यात गैर काही नाही, नवा दांडा मापाला घासून बसवता येतो. पण त्याच्या आधीचे उपाय त्याने केलेच नव्हते. काकांनी ते माझ्यासमोर केले. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे पडले होते, ते आधी साफ केले. सुईच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब स्क्रूच्या कडेला सोडला, एक थेंबच, कारण तेल पसरून हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लागलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळायला लागतं. मशीन झाकून रात्रभर ठेवलं. सकाळी खाचेत बरोबर बसेल असं पातं दगडावर घासून तयार केलं, स्क्रू आधी केसभर घट्ट करायच्या दिशेने फिरवला, मग सैल करायच्या. सुटला. राहिलेला दांड्याचा तुकडा चिमट्याने ओढला तर लोण्यातून यावा तसा आला.

स्क्रू मधेच तुटला असता तर, मी विचारलं. तर म्हणाले, मग तुरटी. मशीन पूर्ण उघडून पोलादाचा एकूण एक भाग बाजूला काढायचा, आणि तुटका स्क्रू अडकलेली पितळेची पाटी तुरटीच्या गरम पाण्यात ठेवायची. पोलाद हळूहळू विरघळून जातं, पितळेला धक्का लागत नाही. म्हणजे तेव्हाही मशीन वाचलंच असतं.

आता मामांच्या घड्याळात त्याचं स्वतःचं मशीन आहे, नवा दांडा, नवी चावी. डायल चिकटवूनच बसवावी लागली आणि जोरात धक्का लागला तर ती सरकू शकते, म्हणून मामा ते फक्त घरात घालतात. काकांनी मजुरी घेतली ती दुकानदाराच्या बिलाच्या चौथाईही नव्हती.

ज्यांना घड्याळ दुरुस्तीला द्यायचं आहे त्यांनी झाकण समोर उघडायला लावून मशीनचा फोटो काढा. नाव, नंबर आणि कडेचे स्क्रू स्पष्ट आले पाहिजेत. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बघा, पूर्वीच्या कारागिरांनी बारीक अक्षरात कोरलेल्या खुणा तिथे सापडतात, त्यांचाही फोटो घ्या. पावतीवर ‘विचारल्याशिवाय मशीन बदलू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा’ हे वाक्य लिहून घ्या. लिहायला नकार देणाऱ्याकडे घड्याळ ठेवू नका, तो कितीही गोड बोलला तरी. आणि ज्यांचं घड्याळ आत्ता दुकानात पडून आहे, ‘चावी जाम आहे’ असं ज्यांना सांगितलंय, त्यांनी फोनवर विचारत बसू नका. जाऊन झाकण उघडून बघा.

ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. पैशांपेक्षा डायलच्या नुकसानीची भरपाई मी मागितली आहे. छाटलेल्या पायांचे फोटो आणि काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेला अभिप्राय जोडला आहे. ह्याच प्रकारे कोणाचं मशीन ठाण्यात बदललं गेलं असेल आणि बिल जपून ठेवलं असेल, तर तुम्हीही तक्रार करा.