कप जिंकला पण लीग बुडाली: टेन हागला ठेवलं, पोस्टेकोग्लूला काढलं. कोणाचं बरोबर होतं?

२५ मे २०२४ ला वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ हरवून एफए कप जिंकला. त्यानंतर जवळपास वर्षाने, २१ मे २०२५ ला, बिल्बाओमध्ये टॉटनहॅमने युनायटेडलाच १-० हरवून युरोपा लीग जिंकली. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दोन्ही विजेत्या क्लबांनी त्या हंगामात प्रीमियर लीगमधलं आपलं तोवरचं सर्वांत खालचं स्थान गाठलं होतं. म्हणजे दोन्ही बोर्डांपुढे प्रश्न एकच होता: हा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) ठेवायचा की काढायचा?

युनायटेडने एरिक टेन हागला ठेवलं, ४ जुलैला करार २०२६ पर्यंत वाढवला आणि २८ ऑक्टोबरला काढून टाकलं. टॉटनहॅमने अँज पोस्टेकोग्लूला फायनलनंतर सोळाव्या दिवशी, ६ जूनला नारळ दिला. आपल्या क्लबाच्या मॅनेजरबद्दल ‘राहू द्या’ म्हणायचं की ‘आता पुरे’, हे ठरवायचं असेल तर याहून उपयोगी जोडी शोधून सापडणार नाही. परिस्थिती जवळपास सारखी आणि निर्णय अगदी उलटे.

आधी आकडे बघू.

| | टेन हाग, २०२३-२४ | पोस्टेकोग्लू, २०२४-२५ |
|---|---|---|
| लीगमधलं स्थान | ८ | १७ |
| गुण | ६० | ३८ |
| विजय-बरोबरी-पराभव | १८-६-१४ | ११-५-२२ |
| गोल केले / खाल्ले | ५७ / ५८ | ६४ / ६५ |
| आधीचा हंगाम | तिसरं स्थान, ७५ गुण, लीग कप | पाचवं स्थान, ६६ गुण |

या तक्त्यातली गोलांची ओळ नीट पाहा. गोलफरक दोघांचाही उणे एक. तरी एकाकडे ६० गुण आणि दुसऱ्याकडे ३८. अडतीस सामन्यांत जेवढे गोल केले जवळपास तेवढेच खाल्ले, तर तो संघ साधारण गुणतालिकेच्या मधोमध असतो. टेन हागच्या युनायटेडने थोडक्यातले सामने जिंकले, त्यामुळे ते होते त्यापेक्षा बरे दिसले. पोस्टेकोग्लूच्या टॉटनहॅमने थोडक्यातले हरले आणि मोठे विजय मिळवले (सिटीच्याच एतिहाद मैदानावर सिटीला ४-०), त्यामुळे ते होते त्यापेक्षा वाईट दिसले. बोर्डांनी नुसती गुणतालिका पाहिली असती, तर आठव्या स्थानावरच्या माणसाला संधी देणं योग्य वाटलं असतं. गोल पाहिल्यावर ती खात्री उरत नाही.

आता गोल का खाल्ले ते पाहू, कारण निकाल सुधारतील की नाही याचा अंदाज तिथूनच येतो.

टेन हागच्या संघाचे आघाडीचे चार-पाच जण वर जाऊन प्रेस करायचे, म्हणजे चेंडूवाल्यावर धावून दबाव आणायचे, आणि बचावफळी मात्र मागेच राहायची. मधे मोठी मोकळी जागा पडायची आणि ती भरायला कासेमिरो एकटा, वयाच्या तिशीत. समोरच्याने पहिला प्रेस मोडला की थेट बचावफळीवर धावत यायचं. त्या हंगामात युनायटेडने लीगच्या दर सामन्यात सरासरी १७ हून जास्त शॉट झेलले. शॉट किती झाले हा मुद्दा नाही, संधी कशा दर्जाच्या होत्या ते पाहा, अशी मॅनेजरची भूमिका होती. पण रोज इतके शॉट झेलणारा संघ आघाडी टिकवू शकत नाही. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर नव्वद मिनिटं उलटून गेल्यावरही ३-२ पुढे असताना दोन गोल खाऊन ते ४-३ हरले. एफए कपच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या श्रेणीतल्या कोव्हेंट्रीविरुद्ध ३-० चं ३-३ झालं आणि पेनल्टींवर सुटका झाली. ल्यूक शॉ, मालासिया आणि लिसांद्रो मार्तिनेझ बराच काळ जायबंदी होते हे खरं. त्यामुळे ‘माणसं परत आली की घडी बसेल’ या म्हणण्यात २०२४ च्या जूनमध्ये थोडं तथ्य होतं.

ते कितपत खरं ठरलं हे सप्टेंबरमध्येच कळलं. डी लिख्ट, मझरावी, योरो, झिर्कझी, उगार्ते असे सुमारे २० कोटी पौंडांचे खेळाडू आल्यावर, २९ सप्टेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनहॅमविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला मिकी फान डे फेन हा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला, मैदान चिरत गेला आणि त्याच्या पासवर ब्रेनन जॉन्सनने गोल केला. खेळाडू नवे, खिंडार तेच. सामना ०-३. त्या दिवशी पलीकडच्या बाकावर पोस्टेकोग्लू होता.

पोस्टेकोग्लूचा दोष वेगळ्या जातीचा होता. त्याची बचावफळी जवळपास मध्यरेषेपर्यंत वर यायची आणि पोरो, उदोगी हे फुल-बॅक (कडेचे बचावपटू) आत मिडफिल्डमध्ये शिरायचे. चेंडू गेला की सेंटर-बॅकना चाळीस-पन्नास मीटर मागे पळावं लागायचं. अशा धावा दर सामन्यात पुन्हा पुन्हा मारल्या की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) तुटतात, आणि तसंच झालं. फान डे फेन, रोमेरो, उदोगी बाहेर. गोलकीपर विकारिओचा घोटा मोडलेला. आणि अठरा वर्षांचा मिडफिल्डर आर्ची ग्रे सेंटर-बॅक म्हणून खेळतोय, अशी २०२४ च्या डिसेंबरातली अवस्था होती. सगळ्याच दुखापतींचं खापर डावपेचांवर फोडता येत नाही, गुरुवारी युरोपा लीग आणि रविवारी लीग या वेळापत्रकाचाही त्यात वाटा होता. पण पद्धत माणसं मोडते आणि माणसं मोडली तरी पद्धत बदलत नाही, हे चक्र त्याने स्वतः थांबवायला हवं होतं. ब्रायटनविरुद्ध आणि चेल्सीविरुद्ध २-० पुढे असताना सामने हरले. पहिला विजय शोधत असलेल्या इप्सविचकडून घरच्या मैदानावर मार खाल्ला. कॉर्नरवर गोल बसताहेत हा प्रश्न आधीच्या वसंतात विचारला गेला, तेव्हा त्याने सेट-पीसवर (कॉर्नर, फ्री-किक यांवर) अडून बसायला नकार दिला. सप्टेंबरमध्ये आर्सेनलविरुद्ध कॉर्नरवरूनच गाब्रियेलने हेडर मारला आणि सामना गेला.

इथे पोस्टेकोग्लूच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. युरोपात त्याने पद्धत बदलली. फ्रँकफर्टला १-० आणि फायनलला १-० जिंकताना टॉटनहॅम खोल बसून खेळलं. बिल्बाओत चेंडूचा ताबा जेमतेम २७ टक्के होता आणि हॉइलुंडचा हेडर फान डे फेनने गोलरेषेवरून काढला. वसंतात तर त्याने युरोपासाठी लीगचे सामने जवळपास सोडून दिले होते. म्हणून ३८ गुण हे त्याच्या संघाचं पूर्ण माप नाही. पण लीग सोडून द्यायच्या कितीतरी आधी, जानेवारीतच, टॉटनहॅम पंधराव्या स्थानावर होतं.

आता बोलण्याबद्दल. मॅनेजरचं बोलणं गोड होतं की कडू याचं चाहत्यांना फारसं काही नसतं. त्याने सांगितलेलं कारण मैदानावर दिसतंय का, एवढंच ते पाहतात.

टेन हागचं पहिलं वर्ष या बाबतीत नमुनेदार होतं. रोनाल्डोने बदली म्हणून उतरायला नकार दिला, पुढच्या सामन्यातून त्याला वगळलं. रॅशफर्ड बैठकीला उशिरा आला, वूल्व्ह्जविरुद्ध बाकावर बसला, उत्तरार्धात उतरला आणि विजयी गोल करून गेला. नियम काय, मोडला कोणी, शिक्षा किती आणि ती संपली कधी, हे सगळं स्वच्छ होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सँचोच्या बाबतीत हीच घडी विस्कटली. आर्सेनलकडून हरल्यावर मॅनेजरने जाहीरपणे सांगितलं की तो सरावात कमी पडला म्हणून संघात नाही. सँचोने ते जाहीरपणे खोडून काढलं. मग पहिल्या संघापासून दूर ठेवणं, जानेवारीत डॉर्टमुंडला उसनवार पाठवणं आणि जूनमध्ये तोच सँचो डॉर्टमुंडकडून चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये. रॅशफर्डच्या वेळी तक्रार वेळ न पाळल्याची होती, ती कोणालाही तपासता येत होती. सँचोच्या वेळी तक्रार सरावातल्या दर्जाची होती, जी बाहेरच्या कुणालाच तपासता येत नव्हती. अशी तक्रार बंद दाराआडच करायची असते.

त्यानंतर त्याचं बोलणं मैदानापासून सुटतच गेलं. कोव्हेंट्रीविरुद्धच्या सामन्यावरची टीका लाजिरवाणी आहे, असं तो म्हणाला. एफए कप जिंकल्यावर म्हणाला, मी नको असेन तर दुसरीकडे जाऊन कप जिंकेन. लिव्हरपूलकडून ०-३ हरल्यावर, मी हॅरी पॉटर नाही, वेळ लागेल. यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर समजून घेता येतं. पण मधल्या फळीतल्या त्या खिंडाराबद्दल ‘हो, ते आहे, आणि ते असं बुजवणार आहोत’ हे वाक्य आलंच नाही, आणि चाहत्यांना नेमकं तेच ऐकायचं होतं.

पोस्टेकोग्लूकडे हा प्रश्न नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये नऊ खेळाडूंनिशी मध्यरेषेवर उभं राहून चेल्सीकडून १-४ हरल्यावरही आम्ही असेच खेळणार, असं त्याने सरळ सांगितलं. जे बोलला तेच मैदानावर दिसलं. दुसऱ्या वर्षी मी नेहमी काहीतरी जिंकतो, हे वाक्यही त्याने खरं करून दाखवलं. खेळाडू शेवटपर्यंत त्याच्या बाजूने होते. त्याचं बिनसलं ते चाहत्यांशी. मे २०२४ मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला विजेतेपद मिळू नये म्हणून स्वतःच्याच संघाची हार चालेल, असं वातावरण सिटीविरुद्धच्या सामन्याला होतं. तेव्हा क्लबचा पायाच कच्चा आहे, असं तो म्हणाला. म्हणणं खरं असेलही, पण त्याचा रोख स्वतःच्याच प्रेक्षकांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये स्टॅमफर्ड ब्रिजवर बर्गवालला बाहेर काढल्यावर चाहत्यांनी हुर्यो उडवली. बदली म्हणून आलेल्या सारने चेंडू जाळ्यात मारताच त्याने प्रवासी चाहत्यांकडे वळून कानामागे हात धरला. व्हीएआरने (व्हिडिओ पंचांनी) तो गोल रद्द केला आणि सामना गेला. चाहत्यांशी हिशेब चुकवायला गेलेल्या मॅनेजरला पुढच्या पराभवात कोणी सांभाळून घेत नाही.

बोलण्यात पोस्टेकोग्लू सरस होता, यात मला शंका नाही. तरीही टॉटनहॅमचा निर्णय मला पटतो. पहिल्या १० लीग सामन्यांत २६ गुण होते, पण नंतरच्या ६६ सामन्यांत ७८, हा आकडा क्लबने निवेदनातच मांडला. सामन्यामागे १.१८ गुण, तेही जवळपास पावणेदोन हंगाम. एवढ्या लांब पल्ल्यात नशीब, दुखापती, पंच सगळ्यांची बरीचशी वजाबाकी होते. मिरवणुकीत हजारो लोकांसमोर तिसरा हंगाम दुसऱ्यापेक्षा भारी असतो असं सांगणाऱ्या माणसाला दोन आठवड्यांत काढणं जिव्हारी लागतं. पण १२ जूनला ब्रेंटफर्डचा मॅनेजर थॉमस फ्रँक आला तेव्हा पूर्वतयारीचा पूर्ण उन्हाळा त्याच्या हातात होता. पुढे त्याने काय केलं याचा हिशेब त्याच्या नावावर मांडावा.

युनायटेडने नेमका हा उन्हाळा घालवला. हंगामाचा आढावा घेताना इतर प्रशिक्षकांशी बोलणी केली, आणि क्लब त्यांतल्या टुखेलशी बोलला होता हे खुद्द टेन हागनेच नंतर जाहीर केलं. दुसरं कोणी जमलं नाही म्हणून ठेवलेला मॅनेजर ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवसापासून अर्ध्या अधिकाराचा असतो. त्याच्यावर करारवाढ दिली आणि त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले. नऊ लीग सामन्यांत ८ गोल, ११ गुण, चौदावं स्थान, आणि वेस्ट हॅमकडून वादग्रस्त पेनल्टीवर हरल्यावर दुसऱ्याच दिवशी हकालपट्टी. टेन हाग, त्याचे सहकारी आणि क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थ यांना मोकळं करण्यात १ कोटी ४५ लाख पौंड गेले. त्याच्या जागी आणलेल्या रुबेन अमोरिमला सोडवायला त्याच्या आधीच्या क्लबला, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला, सुमारे १ कोटी १० लाख युरो द्यावे लागले. पैशांहून मोठं नुकसान पुढे झालं: चार जणांच्या बचावफळीसाठी घेतलेल्या संघाला हंगामाच्या मध्यावर, सरावाला वेळ नसताना, तीन बचावपटूंची ३-४-३ रचना शिकायला लागली. अमोरिमच्या त्या हंगामातल्या २७ लीग सामन्यांत २७ गुण मिळाले.

म्हणून तुमचा मॅनेजर कप घेऊन आला असेल, तर तो आनंद पुरता उपभोगा आणि मग गेल्या पन्नास-साठ लीग सामन्यांचे गुण काढा. सामन्यामागे दीडच्या वर असतील तर थांबायला जागा आहे. सव्वाच्या खाली असतील तर कप मधे आणू नका. मधल्या पट्ट्यात असाल तर शेवटचे पंधरा-वीस खाल्लेले गोल सलग पाहा. एकाच जागेतून, एकाच पद्धतीने येत असतील आणि पूर्ण संघ तंदुरुस्त असतानाही येत असतील, तर ते खेळाडू बदलून बुजत नाहीत. टेन हागचे दुसऱ्या हंगामापासूनचे ४७ सामने आणि ७१ गुण घेतले तर सरासरी १.५१ येते, म्हणजे आकड्यांनी त्याला जेमतेम तारलं होतं. खाल्लेल्या गोलांनी मात्र तारलं नव्हतं.

एवढं करूनही मन ‘ठेवावा’ म्हणत असेल तर ठेवा, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर कोणाशीही बोलणी न करता, आणि करारवाढ डिसेंबरनंतर.