छोटे स्पीकर, वेगळा सबवूफर आणि दोन फूट मागे सरकवलेला सोफा

पाच महिने रोज ऐकल्यावर लिहितेय. आधी माझ्याकडे कमरेएवढे उंच टॉवर स्पीकर होते आणि चौदा फूट लांबीच्या खोलीत ते नुसते घुमायचे, गाणं सुरू झालं की खालचा आवाज, म्हणजे बास, सगळीकडे पसरायचा आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडून जायचे. ते काढून केईएफ कंपनीचे एलएस५० मेटा हे छोटे स्पीकर घेतले, जोडीला एसव्हीएस कंपनीचा एसबी-१००० प्रो सबवूफर, म्हणजे फक्त खालचा आवाज वाजवणारा वेगळा स्पीकर (पुढे नुसतं सब म्हणते). मला विचाराल तर दोन्ही खरेदी उत्तम झाल्या, पण सबवूफर नीट बसवायला वेळ दिला नसता तर हेच मी म्हटलं नसतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आधी स्पीकर. उंची जेमतेम ३० सेंटीमीटर. आवाज काढणारा सव्वापाच इंची कोन (शंकूसारखा पडदा) आणि त्याच्या बरोब्बर मध्यभागी ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, त्यामुळे मधला आणि वरचा आवाज एकाच जागेतून निघतो. मेटा हे नाव ट्वीटरच्या मागे बसवलेल्या चकतीवरून आलंय, ट्वीटरच्या पाठीकडून निघणारा आवाज ती चकती शोषून घेते. मूळ एलएस५० २०१२ साली आले आणि त्यांची प्रेरणा बीबीसीचा जुना स्पीकर एलएस३/५ए, ज्याचे ड्रायव्हर (आतले आवाज काढणारे भाग) केईएफच बनवायची, म्हणजे छोट्या डब्यातून माणसाचा आवाज खरा वाटला पाहिजे हा ध्यास जुनाच आहे. आणि तो वाटतो! गाणारा दोन स्पीकरच्या मधोमध उभा आहे आणि ओळ संपल्यावर श्वास घेतोय हे डोळे मिटले की समोर दिसतं, तानपुऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. टॉवरवर हे मला कधी मिळालं नव्हतं.

पण खालचा आवाज या आकारात मावत नाही. कंपनीनेच दिलेला आकडा ७९ हर्ट्झचा (सेकंदाला ७९ कंपनं) आहे, त्याच्याखाली आवाज उतरत जातो. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ती साधारण ४१ हर्ट्झ, पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५. सूर ओळखू येतो, कारण वरचे स्वरांश कानाला पुरतात, पण छातीत जे वजन जाणवायला हवं ते नाही. त्यासाठीच सब, १२ इंची, बंद डब्याचा. बंद डबा मी मुद्दाम घेतला, छोट्या खोलीत मला धडाड आवाज नको होता, ठोका जिथे संपतो तिथे थांबायला हवा होता.

ॲम्प्लिफायरबद्दल एक गोष्ट मात्र घेण्याआधी नक्की विचारा. बऱ्याच ॲम्पला मागे सब-आउट, म्हणजे सब जोडायची जागा, असतं, पण त्यातून सबला फक्त सिग्नलची कॉपी जाते आणि छोट्या स्पीकरला सगळा खालचा आवाज तसाच मिळत राहतो, म्हणजे तो सव्वापाच इंची कोन उगाच आतबाहेर धापा टाकत बसतो. मी घेतलेल्या ॲम्पमध्ये ८० हर्ट्झवर वाटणी होते, खालचं सबला, वरचं स्पीकरला. या एका गोष्टीने मधला आवाज इतका मोकळा झाला की सब लावल्यावर सुधारलं काय तर गाणाऱ्याचा गळा, हे मला अपेक्षितच नव्हतं. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते माप, ८५ डीबी (डेसिबल) आहे म्हणजे कमीच, आणि ३ डीबी जास्त आवाज हवा तर दुप्पट वॅट लागतात, तेव्हा अगदी नाजूक ॲम्प लावू नका.

आता बसवणं. पहिल्या संध्याकाळी सब कोपऱ्यात ठेवला, सोफा नेहमीप्रमाणे खोलीच्या मध्यावर, आणि एक बास गिटारची ओळ लावली. वरचे सूर छान येत होते पण ओळ खाली उतरून त्या जाड तारेवर आली की सूर गायब! उठून भिंतीपाशी गेले तर तोच सूर तिथे गडगडत होता. मला वाटलं सब खराब निघाला, पण हिशोब केल्यावर कळलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटरची, तिची अर्धी लांबी सव्वाचार मीटर आणि माझी चौदा फुटी खोली बरोब्बर तेवढीच. अशा वेळी तो सूर दोन्ही भिंतींपाशी साठतो आणि मधोमध जवळजवळ शून्य होतो, आणि मी नेमकी तिथेच बसले होते. सबचं व्हॉल्यूम वाढवून हा खड्डा भरत नाही, इक्वलायझरनेही (ठरावीक सूर कमीजास्त करायची सोय) नाही, नुसती ताकद वाया जाते. सोफा दोन फूट मागे सरकवला आणि सूर परत आला, एक पैसाही खर्च न करता.

मग सब उचलून चक्क सोफ्यावर ठेवला, तीच ओळ लावली आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत, कान सबच्या उंचीवर ठेवून ऐकत गेले. जिथे सगळे सूर सारखे वाटले तिथे सब नेऊन ठेवला, समोरच्या भिंतीला, उजव्या स्पीकरच्या थोडा आत. १२ इंची सब दोघांनी उचललेला बरा, भाऊ मदतीला होता म्हणून जमलं. फेज, म्हणजे सब आणि स्पीकरच्या लाटा एकमेकींशी जुळवायची सेटिंग, सबच्या फोनवरच्या ॲपवरून फिरवत राहिले आणि जिथे ८० च्या आसपासचा आवाज सगळ्यात भरीव वाटला तिथे सोडली. ४० जवळ थोडी सूज उरली होती, ती ॲपमधल्या इक्वलायझरने ५ डीबी कापली. सोफ्यावर बसून फोनवरून हे करता येतं, या सबची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. मध्ये दोन दिवस गुणगुण येत होती, सब आणि ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले तशी गेली.

शेवटी सबची लेव्हल, म्हणजे त्याचा आवाज किती मोठा ठेवायचा ते. सुरुवातीला सगळेच जास्त ठेवतात, मीही ठेवली होती, मग रोज थोडी कमी करत गेले, सब वाजतोय हे कळेनासं होईपर्यंत. आता तबला लावला की डग्ग्यावरचा घिस्सा, मनगट सरकताना सूर जो वळत जातो तो, तुटत नाही, स्पीकर कुठे थांबला आणि सब कुठे सुरू झाला ते सापडत नाही.

भावाची खुर्ची मात्र मागच्या भिंतीला टेकलेली आहे आणि तिथे अजून खालचा आवाज जास्तच येतो. तिथून खुर्ची हलवायला जागा नाही, म्हणून मागच्या भिंतीला दुसरा असाच सब लावायचं चाललंय, समोरासमोरच्या भिंतींवरचे दोन सब एकत्र वाजले की लांबीतली ती ४० ची लाट बरीचशी दबते. पैसे जमले की घेणार आहे.