बोरघाटात न तुटणारं टर्मिनल: मॉश आठ महिने वापरल्यावर

आठवड्यातून तीन दिवस पुणे-मुंबई अप-डाउन असतं. लॅपटॉप मांडीवर, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं आणि काम सगळं दूरच्या लिनक्स सर्व्हरवर. आधी साधं एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा नेहमीचा प्रोग्राम, वापरायचो. लोणावळा सुटलं की धास्ती. बोगद्यांत टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) गोठायचं, मग कर्जत आलं की पुन्हा लॉगिन आणि मघाची कमांड पूर्ण झाली की अर्ध्यात मेली, याचा शोध.

दोष रेंजचा समजून दुसऱ्या कंपनीचं सिमही घेतलं. घाटात दोन्ही सारखीच मुकी.

खरी गोम टीसीपीत होती, म्हणजे एसएसएच ज्या जोडणीच्या पद्धतीवर चालतं तिच्यात. दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि पोर्ट (पत्त्यावरचे क्रमांकाचे दरवाजे) यांवरूनच ते जोडणी ओळखतं. हॉटस्पॉट सोडून स्टेशनचं वायफाय धरलं की पत्ता बदलतो आणि जोडणी गेलीच. पत्ता तोच राहिला तरी रेंज जितका वेळ गायब, तितकं टीसीपी पुढचा प्रयत्न लांबवत नेतं. त्यामुळे बोगदा संपून रेंज आली तरी आपण ताटकळतच.

मॉश हा एसएसएचच्या जागी वापरायचा, रेंज गेली तरी टिकणारा प्रोग्राम. 2012 मध्ये एमआयटीतून आलं, फुकट आहे. लॉगिन एसएसएचनेच होतं, पुढचा कारभार यूडीपीवर, म्हणजे पक्की जोडणी न बांधता सुटी पॅकेटं पाठवायच्या पद्धतीवर. पॅकेट कुठल्या पत्त्यावरून आलं याचं सर्व्हरला सोयरसुतक नसतं. लॉगिनच्या वेळी ठरलेल्या गुप्त किल्लीने ते खरं ठरलं की नव्या पत्त्यावर उत्तर. संपर्क आहे की नाही हे कळावं म्हणून दर तीन सेकंदांनी हजेरी.

घाटातल्या मंकी हिलच्या पुढे आता हे असं दिसतं: वर निळी पट्टी येते, शेवटचा संपर्क किती सेकंदांपूर्वी झाला ते मोजत. मी टाइप करत राहतो, अक्षरं अधोरेखित उमटतात. उजेड आला की क्षणात रेघा पुसल्या जातात, म्हणजे सर्व्हरला पोचलं. एका शुक्रवारी दादरला झाकण मिटलं, सोमवारी शिवाजीनगरला उघडलं, सेशन जागच्या जागी.

तक्रारी आहेतच. मागचं स्क्रोल करून बघता येत नाही, कारण ते फक्त सध्याचा स्क्रीन जुळवतं. लॅपटॉपच रीस्टार्ट झाला तर जुन्या सेशनला परत चिकटता येत नाही. दोन्हींवर उपाय एकच, आत टीमक्स चालवा, म्हणजे सर्व्हरवरच सेशन जपून ठेवणारा प्रोग्राम. मी ते न चालवता एकदा हात पोळून घेतलेत.

शिवाय सर्व्हरवर 60000 ते 61000 मधले यूडीपी पोर्ट उघडे लागतात आणि वाटेतल्या, नेटची ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलनेही यूडीपी सोडावं लागतं. आमच्या ऑफिसची फायरवॉल ते अडवते. विनंती टाकून सहा आठवडे झाले. तोवर झकास लॅन असलेल्या टेबलावर बसून मी मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो.