पाड्यावरची डॉक्युमेंटरी: बाहेरचा क्रू की आपलाच मोबाइल?

मुंबईतल्या आरेच्या पाड्यावर तुमचं घर आहे आणि आजीच्या शेताची, वाघोबाच्या ठाण्याची, घरच्यांची डॉक्युमेंटरी करायचं डोक्यात आहे. मग एखाद्या प्रॉडक्शनवाल्याला हो म्हणायचं, की स्वतः मोबाइल उचलायचा?

चित्राच्या दर्जाचा मुद्दा मोबाइलमुळे आता फारसा उरलेला नाही. फरक पडतो तो आवाजात. साउंड रेकॉर्डिस्ट असेल तर आजीचं बोलणं मागच्या गाड्यांत बुडत नाही. शिवाय एडिटर, सबटायटल, फेस्टिवलांच्या ओळखी हे सगळं क्रूबरोबर आयतं येतं. आणखी एक फायदा कुणी बोलत नाही: ‘बाबांनी शेती का सोडली’ हे परका बिनधास्त विचारू शकतो, तुमची जीभ अडखळेल.

पण मालकीचं बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फिल्मचा कर्ता म्हणजे निर्माता. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर आजी दोन तास बोलली त्यातली कुठली चार मिनिटं ठेवायची ते तो ठरवणार. बाहेरच्याला गोष्ट ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्री झाडं तोडली तिथून सुरू करावीशी वाटते. तुमची मात्र १९४९ ला दूध वसाहत आली त्याच्याही आधीची.

मोबाइलवर काम रखडतं, एडिटिंग तर हमखास. तरीही नातवाशी आजी घरच्या बोलीत बोलते. लाइट लावले की टीव्हीवरची मराठी सुरू! शिवाय जमीन वनजमिनीत मोडत असेल तर हेच फुटेज वनहक्क कायद्याखाली जमिनीवर हक्क मागायच्या दाव्याला उपयोगी पडू शकतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवताना दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवलेलं निवेदन नियमांत पुरावा धरलं आहे. जुनी विहीर, स्मशान, देवाची जागा हेसुद्धा. म्हणून शेजारच्या आजोबांनाही बोलतं करा, मग ते कागदावर उतरवा.

पैसा संस्थेचा आणि नजर आपली, असंही जमतं. कॅनडात मूळनिवासी अबेनाकी समाजाच्या अलानिस ओबोमसाविन सरकारी नॅशनल फिल्म बोर्डासाठी फिल्म करत आल्या; १९९० मध्ये ओका इथे मोहॉक या मूळनिवासी लोकांचा जमिनीचा संघर्ष ७८ दिवस चालला, तेव्हा त्या कॅमेरा घेऊन बॅरिकेडच्या आत होत्या. झारखंडात उरांव समाजाचे फिल्मकार बिजू टोप्पो हे मेघनाथ यांच्यासोबत ‘अखरा’ या संस्थेतून काम करतात.

माझं मत मोबाइलकडे झुकतं. पहिला खर्च कॉलर माइकवर, दुसरा दोन हार्ड डिस्कवर, एडिटर नंतर पैसे देऊन घ्या. क्रूच घ्यायचा ठरला तर कच्च्या फुटेजची प्रत आणि पहिला खेळ पाड्यात, एवढं आधी लिहून घ्या. नाही म्हणाले, तर चहा पाजून निरोप द्या.