ब्रीडरकडून सुटलेली आई घ्यायची की तिचं पिल्लू?

बेकायदा ब्रीडिंगवर रेड पडते, एकदम पंधरा-वीस कुत्री बाहेर येतात आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो फिरायला लागतात. पिल्लांसाठी लोक अक्षरशः भांडतात. त्यांच्या आया मात्र, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या, लोंबत्या सडांच्या, अर्धे केस गेलेल्या, त्या महिनोन्महिने फोस्टरकडेच, म्हणजे घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे. मी फोस्टर करते त्यामुळे "ताई, दोन्हीतलं कुठलं घेऊ" हा मेसेज ठरलेला असतो, तर आता एकदाच सगळं लिहून टाकते. माझा कल आईकडे आहे हे आधीच सांगते, पण सगळ्यांना ती झेपेल असं नाही.

पिल्लू मागणाऱ्यांचा हिशोब सरळ असतो, लहान आहे, आपण घडवू तसं घडेल. पण कुत्र्याच्या पिल्लाचं जग ओळखायचं वय असतं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, त्यात माणसं, मुलं, मिक्सर, रिक्षा, पाऊस, दुसरी कुत्री हे सगळं नॉर्मल म्हणून डोक्यात बसतं. हे पिल्लू त्यातला बराच काळ अंधाऱ्या खोलीत पिंजऱ्यात होतं. सोडवलं तेव्हा दोन महिन्यांचं असेल तर अजून वेळ आहे, जोर लावला तर छान होतं. चार महिन्यांचं असेल तर तुम्ही घाबरट कुत्रंच घेताय, फक्त ते साइझने लहान आहे म्हणून गोंडस दिसतंय. दुसरं म्हणजे आईपासून फार लवकर तोडलेली पिल्लं. नियमाने आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू विकता येत नाही पण असे ब्रीडर चार-पाच आठवड्यांची काढतात कारण तेव्हा ती टेडी बेअरसारखी दिसतात, आणि मग चावा किती जोरात घ्यायचा हे भावंडांशी मस्ती करताना शिकायचं ते शिकणंच राहून जातं, ते तुमच्या हातावर शिकतात.

आता आई. हिच्याबद्दल लोकांना भीती असते की इतकं सोसलंय म्हणजे चावरी असणार. अमेरिकेत २०११ मध्ये मॅकमिलन नावाच्या व्हेटने आणि त्याच्या टीमने ब्रीडिंग फार्ममधून सुटून घरी गेलेल्या १,१६९ कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून साध्या घरगुती कुत्र्यांशी तुलना केली होती. भीती जास्त, हात लावलेला न आवडणं जास्त, घरात शी-सू जास्त, एकटक कुठेतरी बघत बसणं जास्त, हे सगळं निघालंच, पण अनोळखी माणसांवर आणि दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणं उलट कमी निघालं. माझ्याकडे येतात त्यांचंही असंच असतं. त्या धावून येत नाहीत, गोठतात. तुम्ही हात पुढे केला की मान खाली, डोळे भिंतीकडे, आणि अंग एवढं ताठ की वाटतं श्वास तरी घेतेय का. लोकांना ही गरीब, शांत वाटते. शांत नाहीये, घाबरून बंद पडलीये, आणि अशीला कोपऱ्यात गाठून मिठी मारायला गेलात तर चावेलही.

पहिले काही आठवडे कसे जातात ते नीट ऐका कारण इथेच लोक परत आणून सोडतात. तिला दार ओलांडता येत नाही. म्हणजे दार उघडं आहे, पलीकडे वाटी ठेवलीये, भूक लागलीये, तरी उंबऱ्याशी उभी. जिने माहीत नाहीत, लिफ्टचं तर नावच नको. टाइल्सवर पाय घसरतात कारण आयुष्य जाळीवर गेलं, पंजे बघितले तर बोटं फाकलेली, मधली कातडी लाल, नखं वळून पंजाच्याच गादीत रुतायला आलेली. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. काही जणी एकाच जागी गोल गोल फिरत राहतात कारण पिंजऱ्यात चालायचं म्हणजे तेवढंच. नेटवर ते तीन दिवस-तीन आठवडे-तीन महिन्यांचं गणित सांगतात ना, तीन दिवसांत जरा सावरतं, तीन आठवड्यांत रुळतं, तीन महिन्यांत घरचं होतं, ते साध्या रेस्क्यूला ठीक आहे, ह्यांना तीन महिन्यांत शेपूट हलली तरी पार्टी करा. पण हलते हो. आणि एकदा हलायला लागली की ही बाई तुमच्या मागे मागे बाथरूमपर्यंत येते.

शी-सूचं बोलायचं तर दोघांची गत सारखीच. एरवी कुत्र्याचं पिल्लू झोपायची जागा घाण करत नाही, त्याच्यावरच सगळं पोटी ट्रेनिंग चालतं, पण पिंजऱ्यात झोपायची आणि हगायची जागा एकच असल्याने ती उपजत सवयच मोडलेली असते. पिल्लू दर दोन तासांनी खाली न्यायला लागतं, रात्रीसुद्धा. आई धरून ठेवू शकते, फक्त कुठे करायचं हे कळत नाही आणि बाहेर इतकी घाबरते की तासभर फिरवून घरी आणलं की हॉलमध्ये करते. त्यावर ओरडायचं नाही एवढं जमलं पाहिजे. ती पुसायचं फडकं बघूनसुद्धा दबकते.

तब्येतीत मात्र मोठा फरक आहे आणि इथे मला आई बरी वाटते हे ऐकून लोक हसतात. तिचं जे बिघडलंय ते समोर दिसतं. दात सडलेले, हिरड्या सुजलेल्या, सडांजवळ गाठी, गोचीडतापाचा इतिहास, हे सगळं एका तपासणीत कळतं, ब्लड टेस्ट करून प्लेटलेट्स बघायच्या, पोटाची सोनोग्राफी करायची. नसबंदी झालेली नसेल तर ती आधी, कारण नसबंदी न झालेल्या मादीला ह्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत अचानक पाणी खूप प्यायला लागते, खात नाही, आणि वेळेत ऑपरेशन नाही झालं तर जाते. गाठी काढायच्या असतील किंवा दात साफ करायचे असतील तर शक्यतो त्याच भुलीत उरकता येतं का ते डॉक्टरांना विचारा. वय कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दातांवरून अंदाज करतात पण पिंजऱ्याचे गज चावून चावून सुळे मागच्या बाजूने झिजलेले असतात. आणि एक टेस्ट स्वतःहून मागा, ब्रुसेलाची. ब्रीडिंगच्या कुत्र्यांमध्ये समागमातून आणि स्रावांतून पसरणारा हा आजार आहे, माणसालाही होऊ शकतो, घरात कुणी गरोदर असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबा.

पिल्लाचं उलटं, आज टुणटुणीत आणि आठवड्याने सलाइनवर. पार्व्हो म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लाचा जीव घेणारा व्हायरस, त्याची लागण झाली तरी लक्षणं दिसायला काही दिवस ते दोन आठवडे जातात, त्यामुळे "कालच डॉक्टरांनी बघितलंय, एकदम फिट आहे" ह्याला फार अर्थ नाही, निदान दोन आठवडे फोस्टरकडे राहिलेलं पिल्लूच घ्या. जंत असतातच. डिस्टेंपर हा मेंदूपर्यंत जाणारा दुसरा व्हायरस, तो त्याहून वाईट. तुमच्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने एखादं पिल्लू गेलं असेल तर हा विषयच संपला, तो व्हायरस फरशीच्या सांध्यात महिनोन्महिने जिवंत राहतो, लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणायचं नाही, लसी झालेली मोठी कुत्री चालते. शिवाय अशा ठिकाणी बहीण-भाऊ, बाप-लेक काही न बघता लावलेले असतात, लॅब-रॉटवायलरचं खुब्याच्या सांध्याचं दुखणं बरेचदा वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत कळतही नाही.

आयुष्य किती उरलं हा प्रश्न खरा आहे, तो टाळत नाही. सहा वर्षांची लॅब म्हणजे अजून चार-सहा वर्षं, शीत्झू असेल तर जरा जास्त. ज्यांना हे नकोच आहे त्यांनी पिल्लू घ्यावं, त्यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

कागद बघायला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. केस दाखल झाली असेल तर कुत्री मुद्देमाल असतात, त्यासाठी २०१७ चे वेगळे नियमही आहेत, आणि निकाल लागेपर्यंत संस्थेकडे फक्त ताबा असतो, मालकी नसते. म्हणजे तुम्हाला देतात ते फोस्टर म्हणून, आणि ब्रीडर कोर्टात परत मागू शकतो. ब्रीडरने सरेंडर, म्हणजे कुत्र्यावरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं असेल तर प्रश्न मिटला. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, सरेंडर आहे की केस. पिल्लाला बाजारात भाव असतो, त्यामुळे पिल्लासाठी तर विचाराच. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, चहा-वडापावचे पैसे. २०१७ च्याच ब्रीडिंगच्या नियमांत रजिस्ट्रेशन, मायक्रोचिप, मादी १८ महिन्यांची होईपर्यंत आणि ८ वर्षांनंतर लावायची नाही, आयुष्यात पाचच वेळा पिल्लं, सगळं लिहिलेलं आहे. कागदावर.

तर कुणी काय घ्यावं. दोघंही सकाळी नऊला निघून रात्री आठला येत असाल तर पिल्लू नको म्हणजे नकोच, सहा-सात महिने एका माणसाला घरी थांबावं लागतं. आईला मात्र दुपारची शांतता आवडते, एक कोपरा, वरून चादर टाकलेला, दार उघडं ठेवलेला क्रेट (कुत्र्याला आत बसायचा पिंजरा), दोन वेळचं खाणं, आणि कुणीतरी दुपारी एक चक्कर मारणारं असेल तर निभतं. रिटायर्ड आजी-आजोबांना आईच. घरात आधीचं शांत, माणसाळलेलं कुत्रं असेल, आणि आपलं गावठी असेल तर उत्तमच, तर डोळे झाकून आई, कारण ती तुमच्याकडून कमी आणि त्याच्याकडून जास्त शिकते. पाच-सहा वर्षांची धावपळ करणारी मुलं असतील तर आई नको, ती सतत टेबलाखाली राहील आणि मुलं तिथेही पोचतील. वेळ आहे, अंगात दम आहे, पहिल्या दिवसापासून ट्रेनिंग करायची तयारी आहे, त्यांनी पिल्लू घ्या, पण दोन-अडीच महिन्यांचं, आणि लगेच बाहेरचं जग दाखवायला लागा, लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन.

बाहेर काढताना आईला कॉलर आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही, दोन्हीला वेगळा पट्टा. ह्या मागे सरकून मान काढून घेतात, आणि सुटली तर हाक मारल्यावर येणार नाही कारण नावच नवीन आहे. फटाक्यांच्या आठवड्यात तर घरी आणूच नका, दिवाळी होऊन जाऊ दे.

राहता राहिलं, आई आणि पिल्लू दोघांना एकत्र घेऊ का. मनाने चांगली माणसं हे हमखास विचारतात. माझं उत्तर नाही. आई घाबरली की पिल्लू तिच्याकडे बघून तेच शिकतं, आणि पिल्लू अंगाला चिकटून असेपर्यंत ती तुमच्याकडे बघत नाही. आधी एक घ्या, तेही महिनाभर फोस्टर म्हणून, जमलं तर मग अडॉप्शनच्या फॉर्मवर सही. बहुतेक संस्था ह्याला तयार असतात, फक्त तोंडाने विचारावं लागतं.